अकरा मच्छिंद्र

बन्सी भागुजी फुलसौंदर या गृहस्थांनी एका दुपारी माझी दहा पापं मोजून दाखवली, आणि तेव्हापासून ते दिसतील तिथं मी त्यांना वाकून नमस्कार करतो. पाप दाखवणाऱ्याला नमस्कार करण्याइतका मी मूळचा थोर नाही. पण त्या दुपारी माझ्या चुकीपायी एका बाईची गाभण गाय कायमची जाणार होती, आणि ती या माणसानं राखली. राखली कशी, तर रजिस्टराला प्रश्न विचारून. तेही इतक्या शांतपणे, की गाईच्या पाठीवरची माशीसुद्धा उठली नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे त्र्याहत्तर सालच्या दुष्काळात, सोनईच्या अलीकडच्या माळावर गुरांची छावणी होती. सोनईच्या बाजूला ऊस, त्यामुळे उसाचं वाढं मिळायचं. पूर्वेला पाथर्डीच्या अंगाला गुरं होती, पण त्यांच्यापुढं टाकायला काडी नव्हती. म्हणून तिकडची गुरं इकडे आली. छावणीचे चालक आप्पासाहेब. मनानं लोणी आणि आवाजानं उसाचा चरक. मी शाळामास्तर. ‘गुरुजींचं अक्षर चांगलं आहे’ या एकाच गुन्ह्यासाठी आणखी दोघांबरोबर पाळीपाळीनं मला फाटकावर बसवून, येणाऱ्या जनावरांची नोंद करायला लावलं होतं. अक्षर चांगलं असणं आणि लिहिलेलं बरोबर असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तोवर कुणी माझ्या लक्षात आणून दिलं नव्हतं. शाळेत तर नाहीच.

फेब्रुवारीच्या अखेरीला बन्सीतात्या आले. भिंगारच्या लष्करी डेपोत एकतीस वर्षं सामान सांभाळून नुकतेच निवृत्त झाले होते. सोनई ही त्यांची सासुरवाडी. चार दिवस पाहुणा म्हणून आलेला हा जावई पाचव्या दिवशी मेहुण्याच्या घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवू लागला. ‘तिखट. पाऊण डबा. उघडल्याची तारीख.’ सहाव्या दिवशी त्यांनी मेहुण्याच्या बायकोला विचारलं, की वाट्या चोवीस आहेत असं तुम्ही म्हणता, पण तेवीसच भरतात, तर चोविसावी कुठं आहे? सातव्या दिवशी मेहुण्यानं हात जोडून त्यांना छावणीवर आणून सोडलं. गुरांच्या नोंदीत ही नोंद नाही, पण मला ती पक्की आठवते.

खाकी अर्धी विजार, डोक्यावर टोपी, सायकलच्या मागं लोखंडी ट्रंक. ट्रंक उतरवायच्या आधी त्यांनी विचारलं, “जनावरं किती?”

“असतील अकराशे,” आप्पासाहेब म्हणाले.

“‘असतील’ हा आकडा नाही, आप्पासाहेब. ती आशा आहे.”

आप्पासाहेबांना तोंडावर असं बोललेलं चालत नसे. पण सोनईचा जावई म्हटल्यावर त्यांनी गिळलं. तात्यांनी माझं रजिस्टर घेतलं. त्यात रकाने सहा: नंबर, मालकाचं नाव, गाव, जनावर, रंग आणि खुणा, तारीख. त्यांनी ओळी मोजल्या. मग भर दुपारी गुरं बसलेली असताना दावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि डोकी मोजली. बसलेलं जनावर दोनदा मोजलं जात नाही, असं त्यांचं शास्त्र. परत येऊन म्हणाले, “गुरुजी, रजिस्टरात अकराशे शेहेचाळीस. माळावर अकराशे एकोणचाळीस. ही सात जनावरं कुठं चरतात?”

मी म्हणालो, “दावणीला असतील कुठंतरी.”

“पुन्हा असतील!” तात्या हळहळले. माझ्या हातून तिखटाचा डबा सांडावा तसे.

सातांपैकी पाच मेलेली निघाली. ती पुरली होती, पण रजिस्टरात जिवंत ठेवली होती. उरली दोन. ती शोधायला तात्यांनी ट्रंकेतून लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. एकतीस वर्षांत डेपोतल्या लोकांनी दिलेल्या सगळ्या पत्रिका या माणसानं मागच्या कोऱ्या बाजूसाठी जपून ठेवल्या होत्या. एकेका पत्रिकेचे चार तुकडे करून, एका तुकड्यावर एक जनावर, अशी नोंद त्यांनी उतरवली. पुढून ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, मागून ‘बैल, पांढरा, डावं शिंग मोडकं’. मग रंगाप्रमाणं ढीग लावले, ढिगातून शिंगांप्रमाणं, शिंगांतून गावाप्रमाणं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन चिठ्ठ्या त्यांनी माझ्यापुढं ठेवल्या. मोडक्या डाव्या शिंगाचा पांढरा बैल, आणि कपाळावर चांद असलेला त्याचा जोडीदार. एकाच गावचे, एकाच मालकाचे, एकाच दिवशी दोनदा आत आलेले. मधे बाहेर कधीच गेलेले नाहीत.

त्या मालकाला बोलावलं. म्हणाला, “तात्या, सकाळच्याला आनले तवा ते उपाशी हुते. दुपारी वळखू आले न्हाईत मलाच.”

दुप्पट वाढं मिळावं म्हणून भल्या माणसानं बैल मागच्या ओढ्यातून काढून पुन्हा फाटकातून आणले होते. आप्पासाहेबांचा चरक सुरू झाला. तात्या म्हणाले, “बैलांची चूक नाही, त्यांना उपाशी ठेवू नका.” दुसऱ्या जोडीवर त्यांनी लाल शाईनं एकच रेघ मारली, वर ‘दुबार’ असं लिहिलं, तारीख घातली, सही केली. मागचं अक्षर तसंच वाचता येत होतं. खोडरबर या वस्तूचा उल्लेख झाला तर तात्या कानावर हात ठेवत.

त्यांच्या खिशात एक तांबड्या पुठ्ठ्याची वही असे. तिला ते ‘विचारपूस’ म्हणत. “माणूस भेटला की आपण विचारतो, बरं आहे ना, घरी कोण कोण असतं. रजिस्टराला कुणी विचारतच नाही. म्हणून ती मनातल्या मनात कुढतात आणि बिघडतात.” त्या वहीत डेपोतल्या एकतीस वर्षांत जमवलेले प्रश्न होते. कुठलंही रजिस्टर हाती आलं की ते यातलेच पाच-सहा प्रश्न विचारत. ओळी किती? रिकामा रकाना कुठं आहे? एकच वस्तू दोनदा कुठं आली? या वहीत आहे आणि त्या वहीत नाही, असं काय आहे? आम्ही हसायचो. मी तर त्यांच्या नकलेसाठी प्रसिद्ध होतो. चहा आला की गंभीरपणे विचारायचो, “कप किती? रिकामा कोणता? कुणी दोनदा घेतला?” तात्याही हसत आणि म्हणत, “बरोबर आहे गुरुजी, विचाराच. एक कप कमी आहे.” आणि तो कमी असायचा!

त्यांच्या आणखी दोन करामती सांगतो, कारण पुढं त्या उपयोगी पडल्या. पहिली बिल्ल्याची. जनावराच्या गळ्यात नंबराचा पत्र्याचा बिल्ला आम्ही सुतळीनं बांधत होतो. भुकेल्या गुरांनी एकमेकांच्या सुतळ्या खायला सुरुवात केली. तात्यांनी सगळे बिल्ले तारेनं बांधले आणि तारेला स्वतःच्या हातानं अडीच पीळ दिले. “अडीच का?” मी विचारलं. “म्हणजे कुणी सोडून परत बांधली तर तो दोन देईल किंवा तीन देईल,” तात्या म्हणाले.

दुसरी करामत रकान्यांची. वैशाखात घटसर्पाची लस टोचायला ढोरांचा डॉक्टर आला, तेव्हा तात्यांनी कंपाउंडरच्या वहीत दोन जादा रकाने आखून दिले: ‘दावं कोणी धरलं’ आणि ‘शेरा’. कंपाउंडर वैतागला. “तात्या, टोचायचं गाईला. दावं कुणी का धरंना!” तात्या म्हणाले, “लिहा हो. शाई मी देतो.” तसंच फाटकातून जनावर घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, “आणखी काही राहिलं?” आणि तो जे म्हणेल ते लिहीत. बहुतेक जण म्हणत, “न्हाई.” एकानं म्हटलं होतं, “माजी चप्पल ऱ्हायली.” तीही त्यांनी लिहिली, आणि चप्पल शोधून दिली.

मधे एकदा फसवणूक झाली. एका माणसानं येऊन एका बैलाच्या गळ्याला मिठी मारली, ढसाढसा रडला, जनावर आत घेताना आम्ही मालकाला देत असू ती नंबराची चिठ्ठी हरवली म्हणाला. बैलानं त्याचा गाल चाटला. आप्पासाहेबांचंही मन विरघळलं, त्यांनी बैल दिला. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन खरा मालक आला. तेव्हापासून आप्पासाहेबांनी नियम केला: चिठ्ठी आणि रजिस्टर. रडणं चालणार नाही, चाटणंही चालणार नाही. “घामाचं मीठ लागलं की बैल कलेक्टरचा पन गाल चाटंल,” असं ते म्हणत.

जूनमध्ये पाऊस झाला आणि लोक आपापली जनावरं घेऊन जाऊ लागले. पंधरा दिवसांत माळ रिकामा झाला. शेवटच्या शुक्रवारी दावणीला सतरा जनावरं उरली होती. त्यांना कोणी विचारायला आलेलं नव्हतं. दुपारी चार वाजता दूरच्या एका पांजरपोळाचा ट्रक येऊन ती घेऊन जाणार होता. त्यानंतर छावणी बंद.

अकराच्या सुमाराला झुंबरबाई आल्या. पिंपळदऱ्याच्या. तीस मैल चालून आल्या होत्या. रस्त्याच्या कामावर लांब खडी फोडायला गेलेल्या, तिथं त्यांना छावणी उठतेय हे उशिरा कळलं. नवरा पेरणीच्या मागं. बाई फाटकातून थेट दावणीला गेल्या आणि एका तांबड्या गाईच्या गळ्यात पडल्या. गाईनं त्यांचा चेहरा, कान, डोक्यावरचा पदर, सगळं चाटून काढलं.

“झालं सुरू,” आप्पासाहेब म्हणाले. “बाई, चिठ्ठी?”

“चिठ्ठी हिनंच खाल्ली.”

“कुनी?”

“ह्या भवानीनं! पदराला गाठ मारून ठिवली हुती. हिनं पदर वढला न् गाठीसगट गिळला.”

“असंच हुतं. चिठ्ठी एकतर पुरात जाती, न्हाईतर पोटात.”

“पूर कुटला, आप्पा? दोन सालं टिपूस न्हाई!”

आप्पासाहेबांनी पूर तिथंच सोडला. गाईच्या गळ्यातला बिल्ला पाहिला. चारशे बारा. मला म्हणाले, “गुरुजी, काढा.” मी रजिस्टर उघडलं. चार फेब्रुवारी. चारशे बारा: मच्छिंद्र गर्जे, पिंपळदरा. गाय, तांबडी, शेपटीचा गोंडा पांढरा.

“मच्छिंद्र तुमचा कोन?”

“माजा कोन न्हाई. भावकीतला हाय. त्येचे बैल हुते हितं.”

“मग मालकाचं नाव काय तुमच्या?”

झुंबरबाईंनी मान खाली घातली, पदर दातात धरला आणि गाईकडे बघत राहिल्या.

“बाई, चार वाजता ट्रक येतोय. नवऱ्याचं नाव सांगा.”

बाई गप्प. तीस मैल चालून आलेली बाई, पण हे एक पाऊल तिला पडेना. शेवटी म्हणाल्या, “नाथाचं नाव हाय.”

“आमच्या पूर्वेला निम्मी मान्सं नाथाच्याच नावाची!” आप्पासाहेब म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. “बाई, मला कळत न्हाई का? तुमची आसंलही. पन रजिस्टर म्हनतंय मच्छिंद्राची. उद्या मच्छिंद्र चिठ्ठी घेऊन आला, तर त्याला मी काय देऊ? एकदा तोंड पोळलंय माजं. मच्छिंद्राला आना, त्यानं सांगू द्या.”

पिंपळदरा तीस मैल. जायला एक दिवस, यायला एक दिवस. ट्रक चार वाजता. झुंबरबाई गाईच्या पुढ्यात मटकन बसल्या. “सात म्हैन्याची गाभन हाय वो,” एवढंच म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत. रडणं चालत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं होतं की काय, कोण जाणे.

तात्या इतका वेळ गाईच्या गळ्यातली तार बघत होते. बोटानं पीळ मोजले. म्हणाले, “अडीच. बिल्ला हाललेला नाही. म्हणजे ही चारशे बाराच आहे. आता नाव विसरा, नंबर धरा.”

“नाव कसं विसरू?” आप्पासाहेब म्हणाले.

“नाव सांगणारा घाईत असतो, लिहिणारा घाईत असतो. नंबराला घाई नसते. गुरुजी, तिन्ही वह्या आणा.”

बाभळीखाली पोतं अंथरून तात्यांनी तीन वह्या शेजारी शेजारी मांडल्या. आलेल्या जनावरांची, गेलेल्या जनावरांची आणि कंपाउंडरची. खिशातून विचारपूस काढली. मला त्या वेळी नक्कल सुचली नाही.

“पहिल्या वहीत मच्छिंद्र गर्जे, पिंपळदरा, याच्या नावावर जनावरं किती?”

मी बोट फिरवलं. “तीन. चारशे दहा बैल, चारशे अकरा बैल, चारशे बारा गाय.”

“दुसऱ्या वहीत त्यानं नेली किती?”

“दोन. बैल. आठ दिवसांपूर्वी.”

“चिठ्ठ्या?”

“दोन.”

“आणखी काही राहिलं का, याला काय म्हणाला?”

मी वाचलं. तात्यांच्याच अक्षरात होतं: ‘काही नाही. दोनच होते.’

आप्पासाहेब पोत्याच्या कडेवर येऊन बसले.

“तीस मैलांवरून येणारा माणूस,” तात्या म्हणाले, “दोन बैल हाकून नेतो, गाभण गाय दावणीला ठेवतो, आणि वर सांगतो दोनच होते. आपल्या वहीत आहे, पण त्याच्या मनात नाही. मग ती आपल्या वहीत कुठून आली? गुरुजी, हे कित्ता गिरवल्यासारखं अक्षर तुमचंच ना?”

माझंच होतं. ‘च्छि’ तर मी मोठ्या हौसेनं काढलं होतं.

“आता तुमच्या हातची सगळी पानं बघा आणि मच्छिंद्र मोजा. मग बाकीच्या दोघांच्या हातची पानं बघा आणि मच्छिंद्र मोजा.”

मी मोजले. पुन्हा मोजले. एखादा कमी झाला तर बरं, म्हणून तिसऱ्यांदा मोजले. तात्या वाट बघत होते.

“बाकीच्यांच्या हातचे दोन,” मी म्हणालो.

“आणि तुमच्या?”

“अकरा.”

“अकरा!” आप्पासाहेब ओरडले. दोन बैल उठून उभे राहिले. “अवो गुरुजी, तुमच्या पाळीत काय मच्छिंद्रांची जत्रा भरली हुती का?”

आता सांगायलाच हवं होतं. मी सांगितलं. फाटकावर दोनदोनशे जनावरांची रांग, धूळ, हंबरडा, आणि समोर एखादी बाई. मी विचारायचो, नवऱ्याचं नाव? बाई गप्प. फार तर म्हणायची, नाथाचं. मागचे लोक ओरडायचे. मी शिकलेला माणूस. अनुमान म्हणून काही असतं. नऊ नाथांत पहिले मच्छिंद्रनाथ. म्हणून मी विचारायचो, “मच्छिंद्र का?” बाई पदर दातात धरायची आणि खाली बघायची. शाळेत पोरं खाली बघतात, तेव्हा मी बरोबर पकडलेलं असतं. म्हणून मी लिहायचो, मच्छिंद्र. झुंबरबाईंच्या वेळी तर वरच्याच ओळीत खरा मच्छिंद्र गर्जे ताजा ओला होता. शाई वाळायच्या आत दुसरा तयार झाला. बाकीच्या बायकांकडं चिठ्ठ्या होत्या, नंबर जुळले, जनावरं गेली. नाव कुणी वाचलंच नाही. झुंबरबाईंची चिठ्ठी तेवढी खाल्ली गेली.

झुंबरबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग असता तर मला सोसला असता. त्यांना माझी कीव येत होती. “गुरुजी,” त्या म्हणाल्या, “माज्या मनात आलं, शिकल्याला मानूस हाय, त्येला ठावं असंल.”

मी एकदम उठलो. भरपाई करायची घाई झाली होती. “तात्या, द्या लाल शाई. अकराच्या अकरा मच्छिंद्र खोडून टाकतो!”

तात्यांनी दौत छातीशी धरली. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर असा प्रसंग आला नसावा. “खाली बसा, गुरुजी! त्या अकरांतला एक खरा आहे. त्याचे बैल त्याच्या नावावर राहू द्या. बदल करायच्या आधी विचारायचं, या रेघेनं किती ओळी बदलतील? उत्तर एक आलं तरच हात उचलायचा. आणि ती एक कोणती, हे अजून आपण बघितलेलंच नाही.”

मग त्यांनी कंपाउंडरची वही माझ्या पुढ्यात सरकवली. “चारशे बारा.”

मला ती ओळ अजून पाठ आहे. लस: घटसर्प. गाभण: आहे. दावं कोणी धरलं: झुंबरबाई गर्जे, पिंपळदरा. आणि शेरा, वैतागलेल्या अक्षरात: ‘टोचताना गाईने मालकिणीचा पदर ओढून गाठीसह खाल्ला. गाईस अपाय नाही.’

मी ते मोठ्यानं वाचलं. आप्पासाहेबांनी वही घेतली, स्वतः वाचली, दोनदा वाचली. मग टोपी काढून तिनंच तोंड पुसलं. “पाव्हनं,” ते तात्यांना म्हणाले, “त्या रकान्यावरनं आमी तुमाला लई हसलो.”

“हसा की. रकाना भरला म्हणजे झालं.”

“न्या बाई, गाय न्या,” आप्पासाहेब म्हणाले. “पन आता ह्ये रजिस्टर नीट करायचं तर नाव तर पायजे. आता तरी सांगा मालकाचं नाव.”

बाईंनी पुन्हा पदर दातात धरला. चार वाजत आले होते. सगळं सुटलं होतं, आणि आम्ही हिंडूनफिरून फाटकावरच्याच प्रश्नाशी आलो होतो. तेव्हा तात्यांनी माझ्या रजिस्टराच्या मथळ्यावर बोट ठेवलं.

“गुरुजी, या रकान्यात काय लिहिलंय?”

“मालकाचं नाव.”

“नवऱ्याचं नाव कुठं मागितलंय?” मग ते बाईंकडं वळले. “झुंबरबाई, गाय कुणाची?”

“माजी!” झुंबरबाईंनी पदर सोडला. “माज्या आईनं दिली. कालवड हुती तवा माहेरावरनं दाव्याला धरून आनली म्या. त्येंचा काय संबंद?”

इतकं खणखणीत उत्तर त्या माळावर सहा महिन्यांत कुणी दिलं नव्हतं. बाईला नाव घेता येत नव्हतं ते नवऱ्याचं. गाईचा मालक कोण, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी अकरा मच्छिंद्र लिहिले, पण प्रश्न एकदाही बरोबर विचारला नाही.

तात्यांनी दौत माझ्यापुढं केली. “एक ओळ,” ते म्हणाले. मी ‘मच्छिंद्र’वर एक रेघ मारली, वर लिहिलं ‘झुंबरबाई’, तारीख घातली, सही केली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात कुरूप आणि सगळ्यात बरोबर ओळ. तात्यांनी दुसऱ्या वहीत नोंद केली आणि नेहमीप्रमाणं विचारलं, “आणखी काही राहिलं?”

झुंबरबाईंनी दावं सोडलं. दोन पावलं गेल्या, थांबल्या, आमच्याकडं पाठ करूनच म्हणाल्या, “राह्यलंय. नाव राह्यलंय.” आणि गाईच्या वशिंडावर हात ठेवून, आता कुणी विचारत नसताना, एका दमात म्हणाल्या:

“छावनीच्या कुपाला बाभळीचा काटा,
कानिफनाथांचं नाव घेते, मोकळ्या करा वाटा!”

आप्पासाहेबांनी स्वतः फाटक उघडलं. समोरून ट्रक येत होता. तो बाजूला घ्यायला लावून त्यांनी गाय आधी पुढं काढली. तात्यांनी रकान्यात लिहिलं: ‘नाव राहिले होते. मिळाले.’

सोळा जनावरं ट्रकमधून गेली. तात्यांनी ती चढताना मोजली, आणि ड्रायव्हरला सोळा म्हणायला लावून मगच जाऊ दिलं.

श्रावणात एक दिवस पिंपळदऱ्याचा एक माणूस सोनईत तात्यांच्या मेहुण्याचं घर शोधत आला. त्याच्या हातात फडकं बांधलेली पितळी चरवी, आत चिकाचा खरवस. गाय व्यायली होती. तात्यांनी मलाही बोलावलं. मेहुण्याच्या बायकोनं वाट्या काढल्या. चोवीस भरल्या, हे मी मुद्दाम मोजलं. खरवस खाताना मी तात्यांना आभाराचं काहीतरी बोलायला गेलो, पण माझी जीभ नेमकी त्याच वेळी मास्तरकीची राहत नाही. एवढंच म्हणालो, “तात्या, मी आता हजेरी घेताना पोरांना नुसतं खाली बघू देत नाही. तोंडानं बोलायला लावतो.” त्यांनी मान हलवली आणि मला आणखी एक वाटी दिली.

चरवी रिकामी परत द्यायची नसते. मेहुण्याच्या बायकोनं तिच्यात गूळ घातला. तात्यांनी वर पत्र्याचा एक नवा बिल्ला ठेवला. खिळ्यानं ठोकून ठोकून त्यावर अक्षरं पाडली होती: ‘झुंबरबाई गर्जे यांची गाय’. सोबत वीतभर तार.

“हा मात्र खाता येणार नाही,” ते त्या माणसाला म्हणाले. “आणि वासराचं काय? कालवड की गोऱ्हा?”

“गोऱ्हा झालाय. झुंबरबाईनं नाव पन ठिवलं. म्हनली, गुरुजींना आठवनीनं सांगा.” त्यानं माझ्याकडं बघितलं. बहुधा सगळ्या पिंपळदऱ्याला माहीत झालं होतं. “मच्छिंद्र.”

मेहुणा हसून हसून चुलीपर्यंत गेला. तात्या हसले नाहीत. त्यांनी खिशातून तांबड्या पुठ्ठ्याची वही काढली, बोटाला थुंकी लावून पान उलटलं, काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडं वर बघितलं.

“बारा झाले, गुरुजी,” ते म्हणाले. “त्यांत खरे दोन.”